वर्कशॉपच्या बाहेरची शिंक

मेहुण्याची गाडी भावोजींच्या वर्कशॉपमध्ये शिरली की इतकी शहाण्यासारखी वागायची, की भावोजींना तिचा शहाणपणा बघूनच संताप यायचा. रस्त्यावर तिची तक्रार ठरलेली. जोरात ओढताना ठीक, पण गिअर बदलायला अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की मागून काळा धूर. पाय परत दाबला की ती क्षणभर विचारात पडायची, अडखळायची आणि मानेला हिसका देऊन सुटायची. पेट्रोल तर अशी प्यायची, की पंपावरचा माणूस मेहुण्याला लांबूनच हात करायचा.

इंजिन बांधलं होतं भावोजींनीच, मोठा टर्बो घालून. बायकोचा भाऊ म्हणून मजुरी नको म्हणाले होते, फक्त गाडीच्या दारावर वर्कशॉपचं नाव लाव. रविवारी डोंगररस्त्याच्या शर्यतीत ते नाव वर चढणार होतं. गाडी अडखळली असती, तर तेच नाव चारचौघांसमोर धूर सोडत गेलं असतं. फुकटच्या कामाचा हा एक तोटा असतो. त्यात बदनामी मात्र पुरेपूर मिळते.

भावोजींनी स्पार्क प्लग काढले. काजळीने काळेकुट्ट. म्हणजे इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय, यात शंका नाही. नवे प्लग घातले, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ केले, सेन्सर बदलला. मग मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी बसले आणि मेहुण्याला वर्कशॉपभोवती चकरा मारायला लावल्या. आकडे सरळ, गाडी सरळ.

"तुमच्यासमोर नाटक करते ही," मेहुणा म्हणाला.

काही बदललंस का, असं भावोजींनी पुन्हा पुन्हा विचारलं. मेहुणा दर वेळी नाही म्हणाला, आणि तेही डोळ्याला डोळा भिडवून. शेवटी वैतागून भावोजींनी लॅपटॉपवरून सरसकट पेट्रोलच कमी केलं. जखम मांडीला, मलम शेंडीला. दुसऱ्या दिवशी मेहुण्याचा फोन आला, की आधी नुसती अडखळायची, आता पळतही नाही, प्रगती आहे. पुढे हेही सांगितलं, की दुसऱ्या एका मेकॅनिकशी बोलणं झालंय आणि तो म्हणतो, आधी दारावरचं ते नाव खरवडून ये.

ताईने हा फोन ऐकला. एका बाजूला नवरा न जेवता बसलेला, दुसऱ्या बाजूला भाऊ फुरंगटलेला. तिने दोघांनाही काही समजावलं नाही. ती माहेरी गेली आणि परत येताना भावाला म्हणाली, मला सोड, आणि गाडी शेवटची एकदा यांना दाखव.

वाटभर प्रत्येक गिअरला बॉनेटखालून 'फुस्स' असा मोठा आवाज येत होता आणि मागोमाग हिसका. मेहुण्याच्या चेहऱ्यावर हिसक्याला आठी पडायची, पण फुस्सला समाधान पसरायचं. वर्कशॉपच्या अलीकडच्या वळणावर त्याने गाडी थांबवली, गरम झालीय म्हणाला, सीटखालून फडक्याचं एक गाठोडं काढलं आणि बॉनेटमध्ये डोकं घातलं. बराच खटाटोप करून, बोट भाजून घेऊन, गाठोडं पुन्हा सीटखाली सारून तो परत बसला. त्यानंतर ना फुस्स, ना हिसका.

भावोजी लॅपटॉप घेऊन पुढे आले, तसं ताईने त्यांना हातानेच थांबवलं.

"लॅपटॉप राहू द्या. वळणापर्यंत हिला शिंका येत होत्या, तुमचं दार दिसल्यावर थांबल्या. सीटखाली काय आहे ते बघा."

फडक्यात लालभडक, चकचकीत व्हॉल्व्ह होता. पाय उचलल्यावर टर्बोने दाबलेली हवा पुन्हा आत वळवण्याऐवजी तो बाहेर सोडायचा, मोठ्या आवाजात. मेहुण्याने मागे कधीतरी त्याचा विषय काढला होता, तेव्हा भावोजी म्हणाले होते, शिट्ट्या ऐकायच्या असतील तर कुकर घे. तेव्हापासून तो गुपचूप लावायचा आणि वर्कशॉपला येताना जुना बसवायचा, घरात शिरताना चपला काढाव्यात तसा. चपला काढण्याला कोणी बदल म्हणतं का?

"येताना काढून ठेवत होतो ना," तो म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं, की हा मुद्दा त्याच्या बाजूचा आहे.

"इंजिन आत येणारी हवा मोजतं आणि तेवढं पेट्रोल देतं," भावोजी एकेक शब्द चावत म्हणाले. "मोजलेली हवा तू वाटेत बाहेर टाकतोस. पाहुणे उठून गेले, आणि तुझा वाढपी वाढतोच आहे."

एवढं बोलून त्यांनी लाल व्हॉल्व्ह ताईच्या हातात दिला, बहुधा दुसऱ्या कोणाच्या हातात तो सुरक्षित नव्हता म्हणून. कमी केलेलं पेट्रोल पूर्ववत केलं आणि दोघं मोठ्या रस्त्याला गेले. गाडी लोण्यासारखी गेली. त्याचा आनंद मात्र दोघांपैकी एकालाही झाला नाही. भावोजी वाया गेलेल्या संध्याकाळी आठवत होते. आणि मेहुणा गिअर बदलताना नकळत ओठांनीच हलकं 'फुस्स' करत होता.

परत आल्यावर भावोजींनी उतरून गाडीचं दार बघितलं. नावाची अर्धी अक्षरं आधीच खरवडलेली होती.

मेहुण्याने किल्ली बोटावर फिरवली. "तो स्टिकर... अजून एखादा असेल का?"

"आहे," भावोजी म्हणाले. "पण मी लावीन. तू लावलेलं मला नंतर शोधत बसावं लागतं."