बांबूच्या मापाचा पोशाख

लटारू माझा जवाई, माझ्या धाकट्या बहिणीचा, रुखमाचा नवरा. त्याच्याएवढा उंच ढीवर वैनगंगेच्या काठी दुसरा नव्हता. डोंग्यात बसला की त्याचे गुडघे कानाला लागत. गाव त्याला बांबू म्हणे. मीही म्हणे, पण गाव हसून म्हणे आणि मी हसत नसे. माझ्या बापाला तिरडीवर बांधत होते तेव्हा हा तलावावर जाळे ओढत होता. मासळी आजच निघाली पाहिजे, उद्या सडेल, असा निरोप त्याने पाठवला. बाप सडला तरी चालेल असे त्याला वाटले असावे. तेव्हापासून आमचे बोलणे बंद.

तरी तो पाण्यात उतरला की त्याचा दोर माझ्याच हाती. आमच्यात बुडी मारणाऱ्याच्या कमरेचा दोर त्याचा साळाच धरतो. भाऊ धरत नाही, कारण भावाला वाटा मिळतो. मुलगा धरत नाही, त्याला घर मिळते. साळ्याला फक्त विधवा बहीण मिळते. साळा जिवंत असताना दुसऱ्याने तो दोर हाती घेणे म्हणजे त्या माणसाचे मरण चिंतणे. म्हणून आम्ही दोघे वैरी एकाच डोंग्यात बसत होतो. बोलायची वेळ आलीच तर डोंग्याशी बोलत होतो.

त्या वर्षी मार्कंड्याची जत्रा आटोपली आणि खालच्या डोहात पुलाच्या खांबाचे काम निघाले. खांबाखाली आधी लोखंडाचे मोठे कडे नदीच्या तळाशी बसवतात. ते सपाट बसले पाहिजे. तळाशी दगड आणि पुरात वाहून आलेले ओंडके असतात, ते खाली जाऊन मोकळे करायचे हे आमचे काम. लोखंडाने आणि दगडाने अंग सोलून निघे. चैतात डोहाचे पाणी कोमट होते आणि त्यात जखम सुकत नाही, चिघळते. एका बुडीवाल्याचा पाय त्यातच गेला, तेव्हा पुलाच्या मोठ्या साहेबाने मुंबईहून रबराचे तीन पोशाख मागवले.

गुणवंतराव ओव्हरसियरने पेटी वाळूत उपडी केली.

"घ्या. विलायती कातडी आहे. ज्याला बसेल तो खाली जाईल, ज्याला बसणार नाही त्यानं घरी जावं. मला दोन माणसं पाहिजेत. पुढच्या पुलालाही तीच नेईन."

काळे जाड रबर होते, स्पंजासारखे दबणारे. शिवणीला सूत नव्हते. कडेला कड डिंकासारख्या कशाने तरी चिकटवली होती. मुखरू आमच्यातला ठेंगणा गडी. त्याने सगळ्यात लहान पोशाख उचलला आणि तो त्याला काकडीच्या सालीसारखा बसला.

लटारूसाठी दोन उरले. एक लांबीला पुरेसा होता, पण कोणा पोटाळ गोऱ्यासाठी केलेला. तो घालून लटारू पाण्यात गेला आणि बाहेर आला तेव्हा पोटाशी पखाल भरली होती.

मुखरू म्हणाला, "लटारूभाऊ, कितवा महिना?"

घमेली घेऊन चाललेल्या बाया थांबून हसल्या. लटारूने तो काढून फेकला आणि दुसरा चढवला. हा छातीला बरोबर होता. हाता-पायाला तोकडा होता, पण त्याचे काही नव्हते, पाणी कोमटच होते. खोड धडात होती. मान आणि मांड यांच्यामध्ये तो वीतभर कमी पडत होता. लटारू त्यात सरळ उभाच राहू शकत नव्हता. भुकेल्या कोंबड्यासारखी मान पुढे काढून उभा होता.

मी म्हणालो, "डोंग्या, त्याले सांग, मोठा घे. पाणी भरन, पण दम नाई कोंडणार."

तो म्हणाला, "डोंग्या, ज्याले माह्या जिवाचं सोयरसुतक नाई, त्यानं मले मापं सांगू नये."

आणि मी मोठा घे म्हणालो, म्हणून त्याने तोकडाच घेतला.

तो रोज अंगात चढवणे म्हणजे म्हशीला सदरा घालणे होते. मग त्याने टोरीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे तेल आणले. थोडे अंगाला चोपडले, थोडे रबराच्या आत. पोशाख सर्रकन वर आला आणि मुखरूनेही मान डोलावली. आम्ही डोंग्याच्या लाकडाला तेल लावत आलो, दुखऱ्या सांध्याला लावत आलो, थंडीत पाण्यात उतरताना अंगाला लावत आलो. तेलाने आमचे आजवर काही बिघडवले नव्हते. त्या शिवणीच्या डिंकाला तेल म्हणजे वाळवी, हे आमच्यात कोणालाच सुचले नाही.

माझ्या हाताला मात्र दुसरे काही कळत होते. लटारूचा दम सगळ्या काठावर लांब. मुखरू वर येऊन बिडी पेटवी तोवर हा खालीच असे. आता तो मुखरूच्या आधी वर येऊ लागला. छाती फुगायला जागाच नव्हती. खाली उकिडवे बसून काम करायचे, आणि बसला की पोशाख खांदे धरून खाली ओढायचा. काढला की गळ्याभोवती लाल वळ दिसे, फासातून सुटलेल्या जनावरासारखा.

गुणवंतराव काठावरून म्हणाला, "काय रे बांबू, खाली जाऊन नुसता वास घेऊन येतोस का?"

"मी काय करू, साहेब? मी खाली काम करून राह्यलो अन् साळा वरून दोर ओढते."

हे त्याने सगळ्यांसमोर म्हटले. मी दोर ओढला नव्हता.

"डोंग्या," मी म्हणालो, "मले ओढाचं असतं तं त्याले तवाच ओढलं असतं, तलावातून, बापाले खांदा द्यायले."

त्याने वल्हे उचलले. मुखरू मध्ये पडला नसता तर ते माझ्या डोक्यात बसले असते. मीही जाळ्याचा दगड उचललाच होता.

दुसऱ्या दिवशी कड्याखाली एक ओंडका सापडला. सागाचा, जुना, एका बाजूने कडे उचलून धरणारा. लटारू खाली गेला. वर घ्यायचे असले की तो दोराला दोन हिसके देई. हिसके आले नाहीत. मी वाट पाहिली आणि मग ओढले, तर दोर झाडाला बांधल्यासारखा. मुखरूने माझ्यामागे हात घातला. दोघांनी मिळून जोर केला तेव्हा खाली काहीतरी फाटले आणि तो वर आला.

वाळूत पालथा पडून तो पाणी ओकत होता. पाठीवरची शिवण खांद्यापासून कमरेपर्यंत उघडली होती आणि तिची सुटलेली कड खाली कड्याच्या खिळ्यात अडकून फाटली होती. मी बोट लावून पाहिले. डिंक वडाच्या चिकासारखा ओला झाला होता आणि त्याला टोरीचा वास येत होता.

गुणवंतरावाने वरूनच पाहिले. "मुखरू, ओंडका तू काढ. हा कामातून गेला."

लटारू उठून बसला. "मी काढतो. सुतळी द्या कोणी, पाठ बांधतो."

सुतळी मिळाली. तो डोंग्याकडे येताना दिसला तेव्हा मी दोराचे वेटोळे केले, डोंग्यात ठेवले आणि त्याच्यावर बसलो.

तो माझ्यासमोर उभा राहिला. डोंग्याकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले.

"दोर घे."

"नाई."

"काऊन?"

"या पोशाखात मी तुले सोडत नाई. मोठा घाल."

"मोठ्यात नदी भरते, खाली हालता येत नाई. तुले मालूम हाये. तुले माही नोकरी घालवाची हाये."

"घालवाची हाये. जा घरी."

गुणवंतराव उतरून आला. "काय तमाशा आहे? ऊठ म्हाताऱ्या. दे इकडे, मी धरतो दोर." आणि त्याने माझ्या मांडीखाली हात घातला.

बायांनी घमेली खाली ठेवली. मुखरू थुंकला आणि तोंड फिरवून उभा राहिला. गुणवंतरावाला आपण काय केले ते कळले नाही. त्याच्या गावी दोर म्हणजे दोर.

"साहेब, हात काढा," लटारू म्हणाला. एवढ्या हळू मी त्याला कधी बोलताना ऐकले नव्हते. गुणवंतरावाने हात काढला. मग लटारू माझ्यावर वाकला. "मंग काय करू मी? पोशाख मावत नाई तं अंग कापू?"

माझ्या तोंडात तेव्हा विषाखेरीज काही नव्हते.

"बांबू लांब झाला तं लोक काय करतात? दोन तुकडे करतात. कर."

त्याने डोंग्यातली मासे चिरायची सुरी उचलली. मी मागे सरकलो, खोटे कशाला सांगू. पण त्याने पोशाख अंगातून सोलून काढला, वाळूवर अंथरला आणि कमरेतून आडवा कापला. सुरी रबरात अडखळत होती. तो दात खाऊन कापत होता आणि मधूनमधून माझ्याकडे पाहत होता, जणू मलाच कापतो आहे.

"ए, साहेबाचा माल आहे तो," गुणवंतराव म्हणाला. तोवर दोन तुकडे झाले होते.

लटारूने कोरडी वाळू चोळून दोन्ही तुकड्यांतले तेल काढले. खालचा तुकडा नाडीने बांधला. वरचा उलटा घातला, उघडी शिवण छातीवर घेतली आणि सुतळीने ओवली. दोन्हींच्या मध्ये वीतभर पोट उघडे राहिले, त्यावर पटका गुंडाळला. मग दोन्ही हात वर केले, उकिडवा बसला, उठला, परत बसला. कुठे काही ओढत नव्हते. पहिल्यांदाच त्या रबरात त्याची मान सरळ होती.

मी दोरावरून उठलो.

तो खाली गेला आणि दोर माझ्या हातात स्वस्थ पडून राहिला. तो स्वस्थपणा मला ओळखीचा होता. मुखरूने बिडी पेटवली, ओढून संपवली. मग तळाशी काहीतरी हलले, ओंडक्याचे काळे टोक पाण्यावर आले आणि कड्याच्या साखळ्या सैल पडल्या. कडे बसले होते. दोन हिसके आले, सावकाश, घाई नसलेल्या माणसाचे.

तो काठावर आला तेव्हा धापसुद्धा टाकत नव्हता. गुणवंतराव त्याची वाट पाहत होता.

"ओंडका निघाला, बरं झालं. पण साहेबाला मी हे दाखवू? विलायती मालाची लंगोटी केलीस. पुढच्या पुलाला मुखरू येईल. तू उद्यापासून येऊ नको."

लटारूने मुखरूकडे पाहिले. मुखरू आपल्या पोशाखावरची वाळू झटकत राहिला. मग लटारूने दोन्ही तुकडे गुणवंतरावाच्या पायाशी टाकले आणि माझ्याकडे वळला.

"तू माही नोकरी खाल्ली."

"खाल्ली."

"तुह्या बापाच्या तेरवीलेही मी आलो नोतो. तुह्याही येणार नाई."

"नको येऊ. तू जित्ता राह्य अन् येऊ नको."

तो वाळूतून लांब टांगा टाकत निघून गेला. उघड्या पोटावर खडकाने ओढलेला एक ओरखडा होता, बाकी अंगाला काही नव्हते.

अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, रुखमा माहेरी आली नाही. मी माझ्या बायकोला, कुंताला, तिच्याकडे पाठवले, आणि लटारू काही बोलला तर उत्तर देऊ नको असे बजावले. ती संध्याकाळी परतली. रुखमाने निरोप दिला होता, "भाऊले सांग, मी येत नाई. हा सकाळपासून त्याच्या नावानं शिव्या देते, माह्ये कान किटले. अन् जेवते दोघांचं."

मी हात धुतले आणि कुंताला म्हणालो, वाढ.