दिवसाला सहा शब्द

नवं कुलूप बसलं तर दर्शनाचे दिवसाला सहा शब्द वाचणार होते. रविवार सोडून महिन्याचे एकशे छप्पन्न. कल्याणच्या लॅबमध्ये बिलाच्या काउंटरवर नऊ वर्षं काढलेल्या बाईला एवढा गुणाकार तोंडी येतो.

ते सहा शब्द असे: "आई, मी आलेय, दार उघडा जरा." आसनगावला उतरून, शेअर रिक्षाने फाट्यावर येऊन, रोज साडेसातला ती हे स्वतःच्याच घराच्या बंद दाराला ऐकवायची. हाक सासूला, भागीरथीबाईंना. पण त्यांचे गुडघे पाटावरून उठेपर्यंत टीव्हीवरच्या बातम्या संपतात, म्हणून आतली कडी काढायला यायची धाकटी जाऊ, मनाली. कडी काढायची, पाठ फिरवायची आणि आपल्या स्वयंपाकघरात जायची. शब्द सासूच्या नावाने फाडले तरी वटायचे मनालीकडे, आणि हा खर्च दर्शनाला खुपायचा.

अबोला दीड वर्षाचा, तोही दारावरूनच. तेव्हा घराला एक कुलूप आणि एकच चावी होती, मीटरच्या पेटीत ठेवायची. एका शनिवारी मनाली सासूला आणि दर्शनाच्या पोरीला, कुणालीला, घेऊन मुरबाडला माहेरी गेली आणि सवयीने चावी पर्समध्ये टाकून गेली. लॅबमधून लवकर सुटलेली दर्शना पावणेतीन तास पायरीवर बसली, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला कारण सांगत. मनाली परत आली तेव्हा म्हणाली, "आईंना म्हटलेलं फोन करा म्हणून."

"का, तुला तोंड नव्हतं?" दर्शनाने विचारलं.

तेव्हापासून नव्हतं.

घर एक, दार एक, चुली दोन, आणि मधल्या खोलीतला सगळा व्यवहार भागीरथीबाईंच्या मार्फत. गॅसवाला येणार आहे, पाणी भरून ठेव, कुणालीला ताप आहे, सगळे निरोप त्यांनीच न्यायचे. शेवटी कंटाळून दर्शनाच्या नवऱ्याने, सुयोगने, अंगणात विटा आणून रचल्या. मधल्या खोलीत भिंत घालायची, पलीकडे दुसरं दार काढायचं, गवंडी दसऱ्यानंतर येणार. भिंत उभी राहिली की हे घर मोडलं, हे सगळ्यांना कळत होतं. धाकटा हर्षित, मनालीचा नवरा, म्हणाला, "दादा, भांडण दाराचं आहे ना? मग आधी दार बदलून बघू. भिंत काय, कधीपण घालता येईल."

त्याने आणलेलं कुलूप बोलण्यावर चालायचं. मधल्या खोलीत कपाटावर एक गोल डबी बसवली. आतून तिला सांगायचं, "दार उघड," मग आकडा सांगायचा, की खटका सरकायचा. बाहेरून हेच मोबाइलला सांगायचं. घरातल्या प्रत्येकाचा आवाज तिला ओळखू यायचा. पहिला आकडा सुयोगने इतक्या जोरात सांगितला की दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने तो हसत म्हणून दाखवला. मग आकडा बदलला, आणि भागीरथीबाई डबीशी बोलताना पदर तोंडाशी धरू लागल्या.

दर्शनाचे सहा शब्द वाचले खरे, पण तो नफा आठवडाभरही हातात राहिला नाही. अबोला धरलेल्या जावा गप्प बसतात असं कोणी म्हणत असेल तर त्याने जावा पाहिलेल्या नाहीत. त्या मांजराला बोलतात, कोंबड्यांना बोलतात, शेजारच्या पोराला बोलतात, आणि लागायचं त्याला बरोबर लागतं. या घरात मांजर नव्हतं. आता डबी आली.

"दार बंद कर गो," मनाली तिला म्हणायची. "काही लोकांना दार लावायची सवय नाय. कल्याणला कामाला जातात ना, मोठी माणसं."

"माफ करा, मला समजलं नाही," डबी म्हणायची.

"दार उघड," दर्शना आपल्या वेळेला म्हणायची. "आणि लक्ष ठेव. कोण कधी तुला पर्समध्ये घालून माहेरी नेईल, भरवसा नाय."

"माफ करा, मला समजलं नाही."

भागीरथीबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "ती बिचारी दिवसातून वीस वेळा माफी मागते. तिचा गुन्हा काय, ते तरी सांगा कोणीतरी."

कुलपाला आणखी एक खोड होती. दार कोणी उघडलं, किती वाजता, हे ते लिहून ठेवायचं, आणि घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर ते दिसायचं. बिलाच्या काउंटरवरच्या बाईच्या हातात अशी वही दिल्यावर ती वाचणारच. जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की दर्शना दाराची वही उघडायची.

तिसऱ्या आठवड्यात तिला पाहिजे ते सापडलं. रोज बारा पंचावन्नला मनालीने दार उघडलेलं. रोज एक वीसला पुन्हा मनालीनेच. मधली पंचवीस मिनिटं कोरी. दर्शनाची आठ वर्षांची कुणाली शाळेच्या व्हॅनमधून उतरते एक दहाला. भागीरथीबाईंना त्या वेळी डोळा लागलेला असतो, त्यांच्या नावाची नोंदच नाही. म्हणजे मनाली रोज दुपारी कुठेतरी उंडारायला जाते आणि पोर पायरीवर दहा मिनिटं बसून राहते. तिची आई बसली होती तशी. त्याच पायरीवर.

तिने कुणालीला विचारून पाहिलं. "दुपारी दार कोण उघडतं गो तुला?"

"काकी."

"कधी?"

"आल्यावर."

"कुठून आल्यावर?"

"बाहेरून," कुणाली म्हणाली आणि चित्र रंगवत राहिली.

त्याच दिवशी दर्शनाने नवऱ्याला सांगितलं, दसऱ्याची वाट बघू नको, गवंड्याला रविवारीच बोलव. "भिंत झाली की आई आपल्या बाजूला. कुणालीला त्या बघतील. माझी नोकरी चालू, कोणाचे उपकार नायत."

"एकदम एवढं काय झालं?" सुयोग म्हणाला.

"शुक्रवारी दाखवते."

शुक्रवारी तिने अर्धी रजा टाकली आणि पाऊण वाजता फाट्यावर येऊन वडापावच्या गाडीमागे उभी राहिली. चोराला रंगेहाथ पकडायला निघालेल्या माणसाला भूक लागत नाही, पण गाडीवाल्याला काय सांगायचं म्हणून तिने एक वडा मागितला.

एक वाजता मनाली गल्लीतून आली. हातात छत्री, पायात भागीरथीबाईंच्या सपाता. इकडेतिकडे न बघता सरळ हायवेवर गेली, एक कंटेनर जाऊ दिला, धावत दुभाजक गाठला, तिथे थांबली, मग पलीकडे. दहा मिनिटांनी पलीकडच्या बाजूलाच व्हॅन थांबली. कुणाली उतरली. मनालीने दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं, छत्री पोरीच्या डोक्यावर धरली, तिचं मनगट मुठीत पकडलं, आणि ट्रक संपायची वाट बघत दोघी उन्हात उभ्या राहिल्या. कुणाली काहीतरी सांगत होती. मनाली हसत होती. दर्शनाने तिला हसताना दीड वर्षात पाहिलं नव्हतं.

"तुमची जाऊ ना ती?" गाडीवाला म्हणाला. "जूनपासून बघतो. व्हॅनवाला आता पुलाखालनं वळण घेत नाय, टाइम जातो म्हणतो. तिकडंच सोडतो पोरांना. आधी चार दिवस तुमची सासू यायची. एकदा दुभाजकावर पाय घसरला तिचा, मग ही येते."

"पावसात पण?"

"पावसाला काय सुट्टी आहे? चटणी देऊ ना?"

दर्शनाने वडा हातात धरून हिशेब केला. सासूचे चार वगळून जूनपासून शाळेचे दिवस पंचाहत्तर. जाऊन-येऊन दीडशे वेळा हायवे. दुसऱ्या बाजूला तिने मनालीला दिलेलं जे काही होतं ते शून्य, आणि टोमणे धरले तर शून्याच्या खाली. मग तिने भिंत घालून पाहिली, मनातल्या मनात. भिंतीपलीकडे मनाली. अलीकडे भागीरथीबाई, त्यांचे गुडघे, आणि समोर कंटेनर. उरली दर्शना स्वतः. एक दहाला फाट्यावर उभं राहायचं तर कल्याणच्या काउंटरवर उभं राहता येत नाही. ती भिंत मधल्या खोलीत नाही, तिच्या नोकरीवर पडत होती.

घरी ती नेहमीच्याच वेळेला गेली. सासूजवळ बसून हळूच म्हणाली, "आई, फाट्याचं मला का नाय सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठं?" भागीरथीबाई म्हणाल्या. "आणि किती निरोप नेऊ मी? तो एक माझ्यानं उचलला नाय."

आता बोलायला हवं होतं. मनालीचं स्वयंपाकघर तिथून दहा पावलांवर, भाकरी थापल्याचा आवाज येत होता. दर्शना उठली, चार पावलं गेली, आणि सवयीने डबीसमोरच थांबली.

"मनालीला सांग," ती म्हणाली, आणि पुढचं सुचेना.

"मनालीला फोन लावू का?" डबीने नम्रपणे विचारलं.

इतक्या नम्रपणे विचारल्यावर काउंटरवरची बाई काय म्हणणार? "हो," तिच्या तोंडून निघून गेलं.

स्वयंपाकघरात फोन वाजला. थापणं थांबलं. "हॅलो?" आतून मनाली म्हणाली, आणि तेच हॅलो डबीतूनही आलं.

आता ठेवायचा कसा? "मी बोलतेय," दर्शना म्हणाली.

"कळलं. दोन्हीकडनं ऐकू येताय."

"कुणालीला फाट्यावरनं तू आणतेस."

"मग कोण आणणार, कुलूप?"

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं की. डबीला दोनदा सांगितलं, तुमी इथंच होतात. पहिल्यांदा तुमी मिक्सर लावलात. दुसऱ्यांदा ही माफी मागत बसली."

दर्शनाला हसू आलं आणि ते डबीतून आत पोचलं. मग ती म्हणाली, "चुकलं माझं."

आत तव्यावर भाकरी पडली, तो आवाज डबीतूनही आला.

"चावी माझ्याकडनं गेलेली ती पण चूकच," मनाली म्हणाली. "पावणेतीन तास. मला त्याच दिवशी बोलायचं होतं, ताई. पण तुमी तोंडाचं काढलंत."

"अगो, दहा पावलं आहेत मध्ये," भागीरथीबाई पाटावरून म्हणाल्या. "फोन कशाला जाळता?"

"ठेवा आता ताई," मनाली म्हणाली. "भाकरी करपते. आत या, पीठ मळून द्या."

रविवारी गवंडी आला. चहा पिऊन, दोन्ही चुलींवरचा, परत गेला. सोमवारी दोघी जावा मिळून व्हॅनवाल्याकडे गेल्या. दीड वर्षाचे साठलेले शब्द एकदम अंगावर आल्यावर तो माणूस तरी काय करणार? मंगळवारपासून व्हॅन पुलाखालून वळण घेऊन गल्लीच्या तोंडाशी येते.

पहिला शब्द कोणी भरला, यावर घरात अजून मिटलेलं नाही. मनाली म्हणते, हॅलो हे फोनला म्हटलेलं, माणसाला नाय, त्यामुळे ते धरायचं नाय. दर्शना म्हणते, तिचं "हो" डबीला होतं, तेही सोडा. त्यानंतरची सगळी नुसती चौकशी, आणि चौकशीचं बिल होत नाही. मग उरतात "चुकलं माझं" हे दर्शनाचे दोन, आणि चावीबद्दलचे मनालीचे सहा. दर्शनाने बेरीज करून पाहिली. दोघींचे मिळून आठ. दीड वर्ष, दिवसाला दहा धरले तरी पाच हजार चारशे निरोप, ते सगळे दुखऱ्या गुडघ्यांवर, भागीरथीबाईंनी भरले.