अर्धा मॉप

त्या मशीनचं सगळ्यात जास्त कौतुक कस्तुरालाच होतं. चिंचवडच्या एका खासगी हॉस्पिटलात ती ऑपरेशन थिएटरची मोठी सिस्टर. पोटातलं रक्त टिपायचे जे कापडी मॉप असतात, त्यांच्या एका कोपऱ्यात आता मसुराएवढी चिप शिवलेली येत होती. पोट शिवण्याआधी वरून मशीनची पट्टी फिरवायची. आत मॉप राहिला असेल तर चिपच्या रेडिओ लहरी पकडून मशीन ओरडायचं. पूर्वी कस्तुरा मॉप मोठ्याने मोजायची आणि हिशेब जुळेपर्यंत सर्जन ताटकळत उभे राहायचे. मशीन आलं आणि मोजणी हळूहळू बंदच पडली. यंत्राला अक्कल असते असं एकदा ठरवलं, की माणूस आपली गहाण टाकायला मोकळा.

धाकटी बहीण नेहा मात्र ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हती. गर्भाशयात गाठ होती, रक्त जाऊन जाऊन चेहरा पांढराफटक पडला होता, तरी नाहीच. दोघींची आई अशाच एका ऑपरेशननंतर गेली होती. पोटात कापड राहिलं होतं, आणि ते कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

"आमच्याकडे तसं होत नाही गं आता," कस्तुरा म्हणाली. "मशीन आहे. आणि मी आहे की आत."

या शेवटच्या वाक्यावर नेहा तयार झाली.

ऑपरेशन नीट चाललं होतं. मध्येच आत एका बाजूला रक्त येऊ लागलं. "सिस्टर, लहान काहीतरी द्या, लवकर," सर्जन ऋचा मॅडम म्हणाल्या. गॉजच्या कापडाचे लहान तुकडे हाताशी नव्हते. कस्तुराने मोठा मॉप कात्रीने मधोमध कापला आणि अर्धा पुढे केला. ती आधी होती त्या हॉस्पिटलात सगळ्या सिस्टर असंच करायच्या. घरचं वळणही तेच. वडील कंपनीत फिटर, फाटक्या टॉवेलची दोन फडकी होणार हे ठरलेलं. उरलेला अर्धा तिने ट्रेमध्ये टाकला. चिप त्या अर्ध्यात होती.

शेवटी पट्टी फिरवली. मशीन गप्प राहिलं. सगळे खूश झाले.

महिनाभरात नेहा तापाने फणफणून परत दाखल झाली. पोटाच्या स्कॅनमध्ये कापडाचा गोळा दिसला, आणि तो किती लहान आहे हे पाहताच कस्तुराला तो अर्धा मॉप आठवला. गोळा काढायला दुसऱ्या दिवशी पुन्हा ऑपरेशन ठरलं.

"मशीनच फालतू निघालं, ताई," नेहाचा नवरा धम्मरत्न म्हणाला. "तुमचा काय दोष?" हॉस्पिटलही तेच म्हणत होतं. कस्तुरा गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. दिवसभर ती तशी बसलीही. संध्याकाळी मात्र तिला राहवेना. ती नेहाच्या कॉटजवळ गेली.

"मशीन बरोबर होतं, नेहा. मॉप मी कापला. बिनचिपचा अर्धा तुझ्या पोटात राहिला."



"आईच्या वेळी सांगायलाही कुणी आलं नव्हतं," नेहा म्हणाली.

कस्तुराला रडू फुटलं. तिने हात पुढे केला. नेहाने तो घट्ट धरला.

"पण ताई, उद्या तू आत येऊ नको."