पालथा नान

काळ्या रंगाचा वास तीन दिवस ईसाबेकच्या नाकात ठाण मांडून बसला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचे कारण उमगले.

बिश्केकच्या कडेला, कालव्यालगत त्याचे गॅरेज. आत उभी होती मुकाश गुरुजींची वोल्गा: फिकट निळी, साठीला टेकलेली, बोनेटवर झेपावणारे हरीण. गुरुजींनी जन्मभर भूगोल शिकवला होता. उद्या पहाटे पत्नीला शेजारी बसवून तो-आशूचा घाट ओलांडायचा आणि सुसामीरच्या कुरणावर उतरायचे, एवढाच भूगोल आता त्यांच्यासाठी उरला होता. चढाची चिंता नव्हती. चिंता होती उताराची. लांब उतारावर जुने ड्रम ब्रेक तापून दम टाकत, आणि पुढचे सांधे तर म्हाताऱ्याच्या दातांसारखे हलत. म्हणून ईसाबेकने गाडीच्या पुढच्या चाकांची सारी बैठकच बदलली होती. पुष्कळ अलीकडच्या एका वोल्गाचा आडवा बीम, तिच्याच स्प्रिंगा, तिचेच बॉल जॉइंट आणि डिस्क ब्रेक.

ज्या गाडीचे असे भाग काढून घेतात, तिला या धंद्यात ‘दाता’ म्हणतात. ईसाबेकला हा शब्द कधीच रुचला नाही. दाता आपल्या हाताने देतो. इथे मेलेल्याच्या अंगावरून उतरवून घेतात आणि वर त्याला दान म्हणतात.

हे सामान त्याने बाजारात जुने सुटे भाग विकणाऱ्या चोरोकडून आणले होते. घेताना तारेचा ब्रश त्याच्या हातात होता. ताजा काळा रंग खरवडून खालचे लोखंड पाहावे, एवढाच हेतू. पण चोरोने चहाशेजारचा नान उचलला, कपाळाला लावला आणि म्हटले, “उस्ताद, हे सामान ज्या गाडीचं, ती गाडी कधी उलटलेली नाही. खोटं बोलत असेन तर हा नान माझ्यावर उलटो!”

नानची शपथ झाल्यावर ब्रश चालवणे म्हणजे अन्नाच्या तोंडावर थुंकणे. ईसाबेकने ब्रश खिशात घातला.

हे एवढ्यावर थांबते तर बरे होते. काल गुरुजींकडे चहाला बसला असता गुरुजींच्या पत्नीने, बातमाने, सहज विचारले होते, “उतारावर थांबेल ना रे बाबा? हे वेगाने हाकतात.” आणि ईसाबेकने जेवणासाठी अंथरलेल्या त्यांच्या दस्तरखानवरच्या नानवर हात ठेवून सांगितले होते, “काकू, लोखंड ठणठणीत आहे. नसेल तर हा नान माझ्यावर उलटो.”

आज कालव्याच्या रस्त्यावर त्याने गाडी पळवून ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण थांबताना केसभर उजवीकडे वळली. त्याने ब्रेकचे दोन्ही कॅलिपर तपासले, चाकांची दिशा पुन्हा जुळवली. गाडी पुन्हा वळली. मग मात्र त्याने उजवे चाक उतरवले आणि ज्या घडीव लोखंडावर ते चाक फिरते, त्या स्टब अ‍ॅक्सलवर ब्रश चालवला. काळी साल निघाली. खाली पुट्टी. पुट्टीखाली वेल्डिंगची जाड, गाठाळ रेघ, उसवलेल्या चपलेला घाईने घातलेल्या टाक्यासारखी. मोडलेला भाग कोणीतरी सांधून, कानशीने घासून, रंगवून ठेवला होता. घाटाच्या तिसऱ्या वळणावर चाक निखळून दरीत गेले असते, आणि त्याच्या मागोमाग ते दोघे.

तो तुकडा पोत्यात घालून तो चोरोच्या कंटेनरातल्या दुकानासमोर उभा राहिला.

“या या, उस्ताद! चहा?”

ईसाबेकने तुकडा टेबलावर आपटला. “हे काय आहे?”

चोरोने निरखून पाहिले आणि तोंडभर हसला. “वेल्डिंग. सुरेख आहे हो.”

“तू शपथ घेतलीस.”

“घेतली ना! काय म्हणालो मी? गाडी उलटली नाही. आणि नव्हतीच उलटली, उस्ताद. खांबावर आदळली होती. नान साक्षी आहे.”

शेजारचा कंटेनरवाला खो-खो हसला. “चोरोची शपथ म्हणजे रशियन कायदा, उस्ताद. नीट वाचून सही करावी!”

ईसाबेकची नजर त्या साक्षीकडे गेली. नान टेबलाच्या कोपऱ्यात पालथा पडला होता; पालथा नान म्हणजे अन्नाचा अपमान. त्याच्या पाठीवर ग्रीसने माखलेला एक बॉल जॉइंट ठेवलेला होता. रागाच्या भरातही त्याचे हात आपोआप पुढे झाले; त्याने जॉइंट बाजूला सारला, नान उचलून सुलटा केला, कपाळाला लावला आणि सदऱ्यात घातला.

“अहो, माझा नान कुठे नेता?”

“तुझ्याजवळ ठेवण्यासारखा नाही तो.”

परतताना त्याला चोरोची किळस आली. पण कालवा ओलांडेपर्यंत त्याहून जुनाट, चिकट अशी किळस वर आली. चोरोने लोखंड पाहिले होते आणि खोटे बोलला होता. आपण तर पाहिलेही नव्हते. दुसऱ्याच्या उष्ट्या शपथेवर आपण आपली शपथ रचली, तीही त्या माउलीच्या पानावर.

गुरुजींच्या घरी उद्याच्या गाठोड्यांची बांधाबांध चालली होती. ईसाबेकने तो तुकडा उंबऱ्यात ठेवला आणि काहीही न लपवता सारे सांगितले. बातमाने हातातली दोरी खाली ठेवली. गुरुजींनी वेल्डिंगच्या रेघेवरून बोट फिरवले, नकाशावरील नदीवरून फिरवावे तसे.

“म्हणजे उद्या नाही.”

“नाही, गुरुजी. दुसरा भाग आणतो. यावेळी नानची…”

“पुरे!” गुरुजींचा आवाज वर्गात चढावा तसा चढला. “शपथ नको आणूस. ब्रश आण. रंग माझ्यासमोर खरवड.”

त्यांनी त्याला आत बोलावले नाही. बातमाने गाठोड्याची गाठ सोडायला घेतली.

परत येऊन ईसाबेक गॅरेजच्या पायरीवर बसला. सदऱ्यातला नान काढला. त्याच्या पाठीवर ग्रीसचे काळे वर्तुळ होते. फेकणे शक्यच नव्हते. पाखरांना घालावा तर त्यांनी काय पाप केले होते? त्याने घास मोडला. रॉकेल, लोखंड आणि काळ्या रंगाची चव जिभेवर पसरली. दोनदा उमासा आला. तरी तो चावत राहिला, शेवटच्या काळ्या कोरेपर्यंत.