वन्संची लिली

माझ्या नणंदबाई, वेणूबाई, पालीला दिलेल्या. देवळाच्या गावाला गेल्यापासून त्यांच्या बोलण्यालाही अगरबत्तीचा वास येतो. आणि मी किहीमची, सुकी मासळी विकणारी. एका भाऊबीजेला त्यांच्या अंगणात लिलीच्या कुंड्या पाहिल्या, फोनमध्ये त्या पांढऱ्याशुभ्र फुलांचे फोटो पाहिले, आणि माझा जीव अडकला तो अडकलाच. एक कंद मागितला. वन्संनी दिला, पण चार माणसांत ऐकवूनच.

"जप गो मैना. कंद मोडायचा न्हाय, कोंबाचा डोला वर ठेवायचा. तुझ्या हाताला वाळवनच जमते, म्हनून सांगते."

सगळे हसले. आमचे हे, काळूराम, सर्वांत मोठ्यानं हसले. बहिणीच्या विनोदाला हसायचा यांना पगार मिळतो की काय, कोण जाणे. मी तिथंच ठरवलं, येत्या नाही, तर पुढच्या वर्षीच्या संक्रांतीला वन्संना हळदीकुंकवाला बोलवायचं आणि फूल दाखवायचं. नाही फुललं तर जन्मभर ते वाळवण ऐकायचं.

घरी आल्याबरोबर कंद कुंडीत लावला. झाडाला काय घालावं हे आम्हाला कुणी शिकवायला नको. आमच्या माडाला, कढीपत्त्याला, जास्वंदीला, सगळ्यांना मासळी धुतलेलं पाणी. लिलीला तर मी वर मूठभर कोलंबीची सालंही पुरली. लाडकी ना ती!

आठवडाही झाला नसेल. सकाळी उठून बघते तर कुंडी आडवी, माती अंगणभर, आणि शेजारच्या विनेशचा बोका मिशा चाटत बसलेला. कंदाचे तुकडे तुकडे झालेले. बोक्याला केरसुणी फेकून मारली, ती लागली यांच्या सायकलला. मग मात्र मला रडू आलं. मोडू नको म्हणून बजावलेला कंद, आणि ही गत.

फेकायला हात होईना, आणि यांनी पाहिलं असतं तर पालीला फोन गेलाच म्हणून समजा. मोरीचं पाणी जिथून वाहतं, तिथल्या चिखलात मी ते तुकडे खुपसले.

वन्संचा फोन यायचाच. "लिली कशी हाय?"

"झोपलीय," मी म्हणायची. उन्हाळ्यात कंद झोपतो, हे त्यांनीच सांगितलेलं. पण पाऊस सरत आला तरी माझी लिली आपली झोपलेलीच.

"कुंभकर्न हाय काय गो ती?" वन्संनी विचारलं. मी नेटवर्क नाही म्हणून फोन ठेवला.

गणपती उठल्यावर एक दिवस हे मोरीमागून ओरडले, "मैने, अळू बेस आलाय! वड्या कर!"

जाऊन बघते तर काय! जिथं जिथं तुकडा खुपसला होता, तिथं तिथं हिरवंगार पान. हे खुडायला वाकलेले. मी यांच्या हातावर अशी चापट मारली की लग्नानंतर पहिल्यांदाच हे माझ्याकडे नीट बघत राहिले. अळवाचीच बहीण ती, पण खाल्ली असती तर घसा धरला असता, मग वन्संच्या विनोदाला हसले असते कसे?

पौषात फुलं आली. मोरीपासून कुंपणापर्यंत पांढरी रांग, एकेक फूल कागदाची पुडी वळल्यासारखं. "पुडी बांधलीय आन शेंगदाने इसरलेत," हे म्हणाले. मला मात्र आनंदानं जेवण गेलं नाही.

संक्रांतीला वन्सं आल्या. मी त्यांना थेट मोरीमागे नेलं. एक वाक्य तोंडात घोळवून तयार ठेवलं होतं: "वाळवणाच्या हातानं फुलतंसुद्धा बरं का, वन्सं!"

त्या वाकून एकेका फुलाला हात लावत गेल्या आणि धुण्याच्या दगडावर बसल्या.

"माझ्या सगळ्या कुजल्या गो पावसात. कुंड्यांत पानी साचला. एक कंद मागायलाच आलेय, पन तोंड व्हत नव्हता."

माझं वाक्य मी गिळलं. एवढं घोटलेलं वाक्य फुकट गेलं याची हळहळ वाटली, खोटं कशाला बोलू? पण वन्संचा चेहरा बघून जीव कळवळला. पाय धुवायला पाणी दिलं, हळदीकुंकू लावलं, आणि ओटीत तांदूळ-नारळाबरोबर मातीसकट दोन कंद घातले. वन्संनी पदर छातीशी धरला.

"पन एका कंदाचे येवढे केलेस कसे?" डोळे पुसत त्यांनी विचारलं. "मला बी शिकव की."

बोका तेवढ्यात येऊन त्यांच्या पायाला अंग घासू लागला.

"कंद न्या वन्सं," मी म्हणाले. "बोक्याचं मातर इनेशला इचारायला लागंल."