मागच्या दाराचं कुलूप

मी कुलूप बोलतोय. आवाज दबका वाटला तर सांभाळून घ्या. उभा जन्म तोंड मिटून राहण्यात गेलाय.

घडलो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या तिजोरीवर मिजाशीत बसेन. नशिबात आलं शिवणकामाच्या कारखान्याचं मागचं दार. सकाळची घंटा झाली की मुकादम मला कडीत अडकवायचा आणि किल्ली खिशात टाकायचा. कापड बाहेर जाऊ नये म्हणून, असं त्याचं म्हणणं. आत चाळीस बायका असायच्या.

एकदा इस्त्रीच्या टेबलाने पेट घेतला. धूर पाहून बायका माझ्याकडे धावल्या. कुणी मला ओढलं, कुणी कात्रीने ठोकलं. मी उघडलो नाही. किल्लीशिवाय मला ते येतच नाही. आग वेळीच विझली. पण तेव्हापासून जरा करपट वास आला तरी मला ते कात्रीचे घाव आठवतात.

मला ओढणाऱ्यांत काजं करणाऱ्या मावशी होत्या. शेजारच्या मशीनवर त्यांची धाकटी जाऊ बसायची. दोघी दर रविवारी चर्चमध्ये उपासनेला न चुकता जाणाऱ्या. तपासणीचे साहेब येणार असं कळलं, तेव्हा मुकादमाने सगळ्यांना बजावलं, दार कायम उघडं असतं म्हणायचं. वेडंवाकडं बोलेल तिने दुसऱ्या दिवशी यायचंच नाही.

धाकटी मावशींना माझ्याजवळ ओढून कुजबुजली, "जाऊबाई, तुम्ही गप्प बसा. आशा ठेवायची. प्रभू बघून घेईल."

"आशा आहे म्हणून तर बोलायचंय," मावशी म्हणाल्या. "प्रभू मरणातून उठला, कबरीवरची धोंड लोटली गेली असं रविवारी गायचं आणि सोमवारी ह्या दारापुढे मान खाली घालायची, हे मला जमेना झालंय. भीती वाटते गं."

तपासणीच्या दिवशी मी मुकादमाच्या खिशात होतो. साहेब मागच्या दारातून सहज बाहेर जाऊन आले, कागदावर काहीतरी लिहू लागले. एवढ्यात मावशींचं मशीन थांबलं.

"साहेब, ह्या दाराला रोज कुलूप असतं."

मुकादम हसला. कुठलं कुलूप, म्हणाला. मावशी दारापाशी गेल्या. मशीनच्या हादऱ्यांनी मी दिवसभर झुलायचो, त्याने तिथला रंग अर्धगोल खरवडला होता. त्यावर त्यांनी बोट ठेवलं. साहेबांनी बाकीच्या बायकांना विचारलं, पण कुणी मान वर करेना. खिशातली मूठ माझ्याभोवती आवळली. मी घाबरून गेलो. संपलं, म्हटलं, बाई एकटी पडली.

मग धाकटीचा आवाज आला, जेमतेम ऐकू येईल एवढा.

"त्यांच्या उजव्या खिशात आहे."

आता मी साहेबांच्या कचेरीत पुरावा म्हणून, गळ्यात चिठ्ठी बांधून पडलोय. दोघींचं काम गेलं. परवा त्या जबाब द्यायला आल्या होत्या. सही करताना धाकटी अर्ध्यावर थांबली होती आणि मावशींनी तिचं मनगट धरून ठेवलं होतं. कारखान्यावरच्या खटल्याचा निकाल अजून लागायचाय. त्या दाराला दुसरं कुलूप आलं असेल का, ह्या धास्तीने मला चैन नाही. तरी त्या दोघींकडे बघून मीही आशा धरायला शिकतोय, घाबरत घाबरत का होईना.

निकालानंतर मला कुणी नेलंत, तर पेटीला लावा, सायकलीला लावा. माणसं आत असतील त्या दाराला मात्र लावू नका.