पँट आखूड करण्याचा दर

कॉलर उलटवायला किती, चेन बदलायला किती, बाही कमी करायला किती, याचा तिला विचार करावा लागत नसे. गिऱ्हाइकाने कापड काउंटरवर ठेवायच्या आत तिच्या तोंडून आकडा निघे. नवरा गेल्यापासून तर ती मान वर न करताच सांगायची. गिऱ्हाईक हो म्हणो की नाही, तिला दोन्ही सारखंच.

गाण्याच्या कार्यक्रमाच्या तिकिटाचा आकडा मात्र निघत नव्हता.

छापखानेवाल्याने पुन्हा निरोप धाडला होता. "बाईंना म्हणावं, गाणी देवाची असतील, पण खाली मला एक आकडा लागतो. रिकाम्या जागेला शाई लावता येत नाही."

ती आणि तिचा नवरा वर्षानुवर्षं स्वतः केलेली ख्रिस्ती गाणी घेऊन वेगवेगळ्या चर्चमध्ये जात. ती गायची, तो दारात उभा राहून लोकांना बसवायचा, माइक सांभाळायचा. शेवटी कापडाची थैली फिरे. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, थैलीची एक रीत होती. मूठ मिटून आत घालायची आणि मिटूनच बाहेर काढायची. ज्याच्याकडे द्यायला आहे त्याचीही मूठ मिटलेली, ज्याच्याकडे नाही त्याचीही मिटलेली. थैली धरणाऱ्याने दुसरीकडे बघायचं. त्यामुळे गाण्याला दर लावायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही.

नवरा गेल्यावर तिने काही नवी गाणी केली. चर्चच्या पाळकसाहेबांनी ती डोळे मिटून ऐकली.

"खरी आहेत," ते म्हणाले. "पण उपासनेत बसायची नाहीत. यातल्या एकातही देव उत्तर देत नाही, बाई."

"मला अजून दिलं नाही," ती म्हणाली. दोरा संपला म्हणून सांगावं तशी.

म्हणून हॉल घ्यावा लागला. हॉलचा मॅनेजर पहिल्याच दिवशी म्हणाला, "थैलीबिली इथे नाही. ज्याच्याकडे तिकीट, त्याला खुर्ची."

तिचा दीर कीबोर्ड वाजवायचा. एरवी तो पंखे, मिक्सर दुरुस्त करायचा. त्या दुपारी तो तिच्या दुकानात स्टुलावर बसून होता. सासूबाई कोपऱ्यात शर्टांना बटणं लावत होत्या.

"पाचशे ठेव, वहिनी," तो म्हणाला. "कमी ठेवलं की लोकांना वाटतं माल शिळा आहे."

"देवाच्या नावाला पाचशे!" सासूबाई म्हणाल्या. "तुझे बाबा असते तर दारातून परत गेले असते."

"बाबा फुकट असतं तरी परत गेले असते, आई. त्यांना माझं वाजवणं सहन व्हायचं नाही."

"कोणाला होतं?"

तो हसला. मग वहिनीकडे बघून थांबला. ती शिवणीतले जुने टाके उसवत होती.

"हॉलचं भाडं, वाजवणाऱ्यांचे, माइकचे," ती म्हणाली. "एवढे निघाले तर पुढे गाईन. नाही निघाले तर नाही. मशीन आहेच."

"नाही म्हणजे? थोडे दिवस नाही?"

"नाही म्हणजे बंद."

ती हे रागाने म्हणाली असती तर दिराला बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. सासूबाईंनी सुईत दोरा ओवायला घेतला, तो काही केल्या जाईना.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. "ताई, पँट बोटभर आखूड करायची आहे."

तिने आकडा सांगितला, खडूने खूण केली, पँट बाजूला ठेवली. मग दिराला म्हणाली, "तेवढंच."

"काय तेवढंच?"

"तिकीट. पँट आखूड करायला घेते तेवढं."

"हा कुठला हिशेब?"

"मला तेवढाच आकडा सुचतो."

दिराने बोटांवर काहीतरी मोजलं. "हॉल गच्च भरला तर जेमतेम निघेल. एक खुर्ची रिकामी राहायला नको. आणि गाणं नाही आवडलं तर लोक पँटी घेऊन येतील, ते वेगळंच."

"येऊ देत," ती म्हणाली.

तिकिटं छापून आली. थोडी छापखानेवाल्याने विकली, थोडी दिराने. उरलेली हॉलच्या खिडकीवर ठेवली. दारात कोणाला उभं करायचं, हा प्रश्नच आला नाही. नवऱ्याची जागा सासूबाईंनी घेतली. फाडलेली तिकिटं ठेवायला काहीतरी हवं, म्हणून त्यांनी घरातून थैली आणली. चर्चमधल्या गाण्यांनंतर फिरायची तीच, निळ्या अस्तराची.

हॉल गच्च भरला. दिराने माइकवर जाहीर करून टाकलं, "आजच्या तिकिटाचा दर आमच्या वहिनीने पँट आखूड करण्याच्या दराएवढा ठेवला आहे. तेव्हा गाणी लांबली तर तक्रार नको." लोक खूप हसले. ती गायला उभी राहिली. आवाज लागला, शब्द आठवले, कुठे चुकलं नाही. ती मागच्या भिंतीवरच्या लाल दिव्याकडे बघत होती. शेवटच्या गाण्यानंतर टाळ्या झाल्या. शेजारच्या घरात वाजाव्यात तशा त्या तिला ऐकू आल्या.

लोक गेल्यावर मॅनेजरने थैली टेबलावर उलटी केली.

"आजी, बाकीची तिकिटं कुठे आहेत?"

"सगळी यातच आहेत."

"खुर्च्या सगळ्या भरल्या होत्या. तिकिटं निम्म्याहून थोडी जास्त. तुम्ही दारात काय करत होता?"

"थैली धरली होती."

"आणि तिकीट बघत नव्हता?"

"थैली धरणाऱ्याने बघायचं असतं होय?" सासूबाई ताडकन म्हणाल्या. "काही रीतभात?"

बोलल्या आणि मग त्यांना कळलं. मंडळीतली माणसं दारात आली होती, समोर थैली दिसली होती, त्यांच्या मुठी आपोआप मिटल्या होत्या. तिकिटाची मिटली होती, तशी रिकामीही. आणि त्यांनी स्वतः जन्माच्या सवयीने मान वळवली होती.

"माझ्यामुळे झालं गं," त्या म्हणाल्या.

"असू दे, आई."

"दोन शब्द बोल तरी मला."

"काय बोलू?" ती म्हणाली. तिने खरंच विचारलं होतं. मग तिने माइकची वायर गुंडाळायला घेतली. मॅनेजरला तिने घरात होते ते पैसे देऊन टाकले. गाण्याचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही. दिराने कीबोर्ड खोळीत घालून कपाटावर ठेवला.

दोन-तीन दिवसांनी मंडळीतले म्हातारे सुतार दुकानात आले. कार्यक्रमात ते पहिल्या रांगेत होते. त्यांनी काउंटरवर एक पँट ठेवली.

"खालून बोटभर आत घे, मुली."

तिने पँट त्यांच्या कमरेशी लावून पाहिली. "काका, ही बरोबर आहे."

"असू दे. घे आत."

त्यांनी मिटलेली मूठ काउंटरवर उपडी केली, हात काढून घेतला आणि रस्त्याकडे बघत उभे राहिले.

मग बेकरीवाला आला. मग निवृत्त नर्स आली, भावाची पँट घेऊन. भाऊ पँटीला कंटाळला आहे, असं काहीतरी ती म्हणाली. सगळ्यांना बोटभरच आत हवी होती. सुतारकाका पुढच्या आठवड्यात तीच पँट घेऊन परत आले.

"आता काय झालं, काका?"

"आणखी बोटभर."

"कशाला?"

"त्या दिवशी बायको पण आली होती ना बरोबर," ते रस्त्याकडे बघत म्हणाले.

सासूबाईंनी बटणाचा डबा उगाच खाली-वर केला.

महिना संपताना दीर आला आणि स्टुलावर बसला. "वहिनी, निघाले. भाडं, माइक, वाजवणारे, सगळं. मी आईला विचारून बेरीज केली."

"ते शिलाईचे आहेत."

"तू पण ना! कोणाची पँट लांब होती?"

"मी आखूड केल्या की नाही? मग शिलाईचेच."

तो चिडून उठला. "दादाला तरी हिच्याशी बोलता यायचं," असं आईला म्हणाला आणि निघून गेला.

रविवारी ती नेहमीसारखी सासूबाईंशेजारी मागच्या बाकावर बसली. गाण्यासाठी सगळे उभे राहिले. तिची नजर खाली होती, गेले कित्येक महिने ती खालीच असे. पुढच्या रांगेत बेकरीवाल्याचे मोजे दिसत होते. त्याच्या पुढे नर्सच्या भावाचे, एकाचा रंग दुसऱ्याला जुळत नव्हता. त्यापलीकडे आणखी तीन-चार जणांचे. सगळ्यात पुढे सुतारकाका, त्यांनी मोजेच घातले नव्हते. दोन बोटं वर चढलेल्या पँटीखाली त्यांचे हाडकुळे घोटे उघडे पडले होते. शिवण मात्र सरळ होती.

हसू येईल म्हणून तिने वाट पाहिली. आलं नाही. रडूही आलं नाही. पण तिची नजर त्या घोट्यांवरून हलेना, आणि गाण्याचं दुसरं कडवं सुरू झालं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण गातो आहोत.

थैली आली. तिने मूठ मिटून आत घातली, मिटूनच काढली. सासूबाई दुसरीकडे बघत होत्या.

बाहेर पायऱ्यांवर दीर चपला घालत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, अजून रागात होता.

"हॉलवाल्याला विचारून ठेवा," ती म्हणाली.

"कशाला?"

"तारखेसाठी. दर तोच."

"आणि दारात?"

तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्या पदराने चष्मा पुसत होत्या.

"दारात आईच," ती म्हणाली.